चांगुणाबाईंचं कोपर

“सर, ब्लॅक बेल्ट किती दिवसांत?”

कोपरीत, कळव्यात, डोंबिवलीत, जिथे जिथे मी कुंग-फूचे क्लास घेतले तिथे पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न आला. पोरांनी विचारला, पोरांच्या बापांनी विचारला, एका आजोबांनी तर नातवाला बाजूला उभं करून माझ्या कानात विचारला. सुरुवातीला मी उत्तर द्यायचो. मग नुसता हसायचो. शेवटी शेवटी काही न बोलता चपला काढायच्या जागेकडे बोट दाखवायला लागलो. क्लास बंद करून आता कितीतरी वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली, “हे दळवी सर, कराटेवाले,” की पुढे काय येणार ते मला ठाऊक असतं. आणि मी कराटेवाला नाही हो. कराटे जपानी, कुंग-फू चिनी. हे सांगून सांगून घसा बसला माझा. आता कुणी कराटेवाला म्हटलं तरी मान हलवतो आणि जिलबी खातो.

दिवसभर मी कळव्याच्या एका कारखान्यात टूलरूमला. सुटलो की सोमवार-गुरुवार कोपरीतल्या एका शाळेचा हॉल, मंगळवार-शुक्रवार डोंबिवली. ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ लागायचा, त्यावरचे मारामारीचे पिक्चर बघून पोरं थेट माझ्याकडे यायची. त्यांना पहिल्या दिवशी हवेत उडून लाथ मारायची असायची, आणि मी त्यांना घोड्यात बसवायचो. घोडा म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून असं बसायचं, की बघणाऱ्याला वाटावं खाली घोडा आहे. खाली काही नसतं. मी उदबत्तीचा बोटभर तुकडा मोडून लावायचो, तो संपेपर्यंत उठायचं नाही. पोरांचे पाय लटलट कापायचे, घाम डोळ्यांत जायचा, आणि दुसऱ्या आठवड्यात निम्मा हॉल रिकामा. हे सगळं शिकवण्यापेक्षा बघणं जास्त थकवणारं असतं, हे मला फार उशिरा समजलं.

माझे गुरू मुंबईतले एक चिनी दातवाले. दिवसभर कवळ्या बनवायचे, सकाळी गच्चीवर आम्हाला शिकवायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे पट्टे वगैरे काही भानगड नव्हती. तुला येतंय की नाही ते तुझं तुला कळलं पाहिजे, असा सगळा कारभार. पण मी ठाण्यात क्लास काढला आणि महिन्याभरात लक्षात आलं, रंगाशिवाय इथे कुणी टिकत नाही. मग मीही पट्टे आणले. कमरेला बांधायची कापडी पट्टी, दुसरं काय. कोपरीतला एक शिंपी परकराच्या कापडातून शिवून द्यायचा, हे पोरांना कधी सांगितलं नाही.

पांढरा पट्टा म्हणजे उभं राहायला शिकलास. पिवळा म्हणजे चालायला. त्यात पहिला फॉर्म यायचा. फॉर्म म्हणजे हातापायांच्या हालचालींची ठरलेली मालिका, समोर कुणी नसताना एकट्याने करायची. हिरव्याला समोर माणूस यायचा, तपकिरीला माणसाच्या हातात काठी यायची. लोक म्हणायचे, मग काळ्याला काय, तलवार? नाही. काळ्याला समोर पुन्हा कोणीच नसायचं, कारण काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत परीक्षार्थीने काही करून दाखवायचंच नसायचं.

पट्टे माझे, पण हा एक नियम मात्र चाचांचा, शिकवायची परवानगी ते असंच बघून द्यायचे. ते म्हणायचे, “तेरा हाथ मैं क्या देखूँ? तेरे चेले का हाथ दिखा.” ज्याला काळा पट्टा हवा त्याने एक अगदी कोरा माणूस धरायचा, कधी कुठे काही न शिकलेला. त्याला शून्यापासून पहिल्या फॉर्मपर्यंत आणायचं. परीक्षेला तो माणूस घोड्यात बसणार, तो फॉर्म करणार, आणि शिकवणारा बाजूला मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसणार. बोलायचं नाही, खुणावायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की परीक्षा संपली.

या नियमापायी माझी चांगली चांगली पोरं गेली. समोरच्या गल्लीत एक क्लास निघाला होता, तिथे शाळेच्या सहामाहीसारखे पट्टे वाटायचे. एक गृहस्थ माझ्याकडे आले, सोसायटीच्या गणपतीत मुलाचा कार्यक्रम आहे, तेवढ्यापुरता पिवळा द्या, नंतर परत करतो म्हणाले. दुसरे एक बँकेतले साहेब हिरव्यापर्यंत आले आणि एके दिवशी घरी बायकोला दाखवायला हाताने कौल फोडायला गेले. कौल फुटलं नाही. हात प्लॅस्टरमध्ये घालून आले आणि मलाच विचारतात, “सर, कौल मंगलोरी होतं, त्यामुळे असेल का?” अशा माणसांपुढे काय बोलायचं! हो म्हटलं, असेल.

पण सांगायचंय ते वनिताचं.

वनिता कोपरीच्या कोळीवाड्यातली. वडील लवकर गेलेले. आई चांगुणाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची. वनिता शाळेत असताना क्लासला आली आणि कॉलेज संपेपर्यंत तपकिरी पट्ट्यावर पोचली. माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली, पण तिच्यासारखा हात मी कुणाचा बघितला नाही. फक्त जीभ हाताहून तेज. जोडीला उभं केलेलं पोर चुकलं की हॉल दणाणून जायचा. “अरे मेल्या, पाय हाय का बांबू?” पोरं मार खायला भीत नव्हती, तिच्या तोंडाला भ्यायची.

त्या सुमाराला डोंबिवलीच्या एका मुलींच्या शाळेने स्वसंरक्षणाचे तास सुरू करायचं ठरवलं. हेडबाईंनी मला विचारलं, बाईमाणूस असेल तर बरं, पण काळा पट्टा हवा, पालक विचारतात. मी वनिताचं नाव सांगितलं आणि म्हटलं, जूनपर्यंत पट्टा होईल. कायमची नोकरी, शाळेची. नाही मिळाली तर वनिताने आईशेजारी पाटी घेऊन बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं. खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायला लागल्यापासून मासळी तशीही उतरली होती. चांगुणाबाई एकदा मला बाजारात म्हणाली होती, “मास्तर, माजी पाटी माज्यासंगं जाऊ द्या. तिच्या डोक्यावर नको.”

झालं. वनिताने शिकवायला माणूस धरला, कोपरीतला एक कॉलेजचा पोरगा. तो आठवड्यात पळाला. मग कळव्याच्या एक हौशी मॅडम धरल्या. त्यांनी थोडी जास्त कळ काढली आणि एका गुरुवारी माझ्यापुढे डोळे पुसत म्हणाल्या, “सर, मला घरी सासूबाई आहेत. अजून कशाला?”

वनिता माझ्यावरच उखडली. “सर, ती ऐकतच नाय ना! किती वेळा बोलायचं? कोपर खाली, कोपर खाली! मी काय देवळातली घंटा हाय काय?”

“मग नको वाजूस,” मी म्हटलं. मीही शिफ्ट करून आलेलो, माझंही डोकं फिरलेलं.

पुढच्या सोमवारी ती आईला घेऊन आली. चांगुणाबाई हॉलच्या दारात चपला काढून उभी. लुगडं कोळी पद्धतीने घट्ट नेसलेलं, हाताला बाजाराचा वास, आणि चेहऱ्यावर लग्नघरी चुकून आल्यासारखा संकोच.

“सर, हीच माझी स्टुडंट,” वनिता म्हणाली.

मला वाटलं चेष्टा चाललीय. “अगं, आई आहे ना ती तुझी?”

“कोरी हाय ना? कुठे काय शिकली नाय. नियमात वय लिहिलंय काय?”

नियमात वय नव्हतं. चांगुणाबाई हळूच म्हणाली, “मास्तर, दुसरा कोन तिच्याफुडं टिकंल? मी टिकतंय. मना सवय हाय.”

आणि टिकली. आमच्याकडे पोरी सलवार घालून यायच्या तरी घोड्यात अवघडायच्या, हिचं कासोट्याचं लुगडं त्यासाठीच बनल्यासारखं. बाजार उरकून यायची, पदर खोचायची आणि शेवटच्या रांगेत वनितासमोर उभी राहायची. मग सुरू. “आये, पाठ! आये, नजर वर! आये, कोपर!” कोपराचं तर रोजचंच होतं. फॉर्मच्या मध्यावर एक वळण आहे, उजवीकडे फिरून हात पुढे करायचा, कोपर बरगडीशी. जन्मभर डोक्यावरची पाटी सावरलेला हात तो, कोपर वर उचलून बाहेरच जायचं. वनिता बोंबलायची, “कोऽपर खाली!” की चांगुणाबाई कोपर आत घ्यायची आणि पुढे जायची. रोज तेच. एकदा मी म्हटलं, हळू बोल गं, आई आहे. चांगुणाबाईच मला म्हणाली, “वरडू द्या. तिचा बापूस पन असाच होता.”

परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी होती. परीक्षक मी आणि शहाडला क्लास चालवणारे भोईर मास्तर, चाचांच्याच गच्चीवरचे माझे जुने सोबती. पोरं भिंतीला टेकून बसलेली. कोळीवाड्यातल्या चार बायका खिडकीत. वनिता ठरल्या जागी, मांडी घालून, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. आज हिच्या तोंडातून शब्द निघाला की डोंबिवलीची शाळा गेली, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

घोडा झाला. उदबत्ती संपली तेव्हा चांगुणाबाईचे पाय थरथरत होते, पण पाठ हलली नव्हती. भोईर मास्तरांनी मान डोलावली. फॉर्म सुरू झाला. पावलं बरोबर, नजर बरोबर. वळण आलं. ती उजवीकडे फिरली, हात पुढे केला आणि थांबली.

मला वाटलं, दम घेतेय. पण ती थांबलीच. हात तसाच समोर, नजर समोर, चेहरा शांत. विसरलेला माणूस कावराबावरा होतो, इकडेतिकडे बघतो. ही तर स्टॉपवर बसची वाट बघावी तशी निवांत उभी. खिडकीतल्या बायका कुजबुजल्या. एक पोर फिसकन हसलं.

शेवटी मीच विचारलं, “चांगुणाबाई, काय झालं? पुढे आठवत नाही का?”

“आठवतं ना.”

“मग?”

“ही वरडली नाय अजून,” ती म्हणाली.

हॉल असा हसला की सांगता सोय नाही. भोईर मास्तर तोंडावर रुमाल धरून बसले. मलाही हसू आलं. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. कोपर अगदी जागेवर होतं. ओरडण्यासारखं काही नव्हतंच. पण रोजच्या रोज त्या ठिकाणी ऐकून ऐकून ते ओरडणंच तिच्या फॉर्मचं एक पाऊल होऊन बसलं होतं. ते पाऊल पडल्याशिवाय पुढचं पडणार कसं? वनिताने तसंच शिकवलं होतं.

हसणं थांबेना. चांगुणाबाईला कळेना काय चुकलं. हात खाली घ्यायचा की नाही तेही कळेना. पाय पुन्हा थरथरायला लागले, मान हळूहळू खाली जायला लागली. मी वनिताकडे बघितलं. तिचे हात गुडघ्यांवर मुठी झालेले. मला वाटलं, गप्प बसते. बसली असती तर पुन्हा पहिल्यापासून करायची एक संधी होती, आणि ते तिला माहीत होतं.

“आये,” ती म्हणाली. ओरडली नाही. तिचा असा आवाज त्या हॉलने ऐकला नव्हता. “कोपर बरोबर हाय. जा फुडं.”

चांगुणाबाईने मान वर केली आणि उरलेला फॉर्म केला. काय केला म्हणून सांगू! शेवटच्या नमस्काराला मघाशी हसलेलं पोरही ताठ बसलं होतं.

मी म्हटलं, “नापास.”

भोईर मास्तर माझ्या कानाशी लागले. “दळवी, जाऊ दे ना यार. पोरीची नोकरी आहे. एक शब्द तर बोलली.” मला तेच करायचं होतं हो. पण सगळ्या जगात पट्टे वाटले जात होते आणि माझ्याकडे एवढा एकच नियम शिल्लक होता. मी नाही म्हणून मान हलवली.

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. “मास्तर, तिनं वरडायचं नाय असाच नियम ना? मंग ती वरडली कुटं?”

मी उगाच उदबत्तीची राख गोळा करायला लागलो. वनितानेच आईचा दंड धरला. “चल आये. सर बरोबर हायत.”

जूनमध्ये शाळेने समोरच्या गल्लीतला एक काळ्या पट्ट्याचा मुलगा घेतला. वनिता आईशेजारी बाजारात बसायला लागली. येणारेजाणारे टोमणे मारायचे, “काय वनी, बोंबलाला पन किक मारतेस काय?” मी त्या बाजूने जायचं टाळायचो. एकदा नाइलाजाने गेलो, तर तिने पापलेट कागदात बांधून हातात दिलं. ते मी घरी आणलं, पण खाववलं नाही.

मला वाटलं होतं, आता ती येत नाही. पण महिन्याभराने मायलेकी पुन्हा हॉलमध्ये उभ्या. वनिताने पहिल्यापासून सुरुवात केली. कोपराचं वळण आलं की ती तोंड दाबून धरायची, नाकपुड्या फुगायच्या, आणि चांगुणाबाई सवयीने थांबायची. मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. कितीतरी संध्याकाळी हेच. शिकवणं अवघड, पण शिकवलेलं उतरवणं त्याहून अवघड, ते मी तेव्हा पाहिलं. हळूहळू वनिता वाट बघायला शिकली. इतर पोरांनाही ती दाखवायला लागली, आणि मी तिकडे पाठ करून बसायला लागलो. खरं सांगतो, तेवढाच आराम.

गणपती झाल्यावर दुसरी परीक्षा झाली. चांगुणाबाई वळणावर थांबली नाही. फॉर्म संपवून भोईर मास्तरांना म्हणाली, “झालं ना? का बोललं कोन आता?” मी वनिताच्या कमरेला काळा पट्टा बांधला.

आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हेडबाईंचा कारखान्यात फोन आला. तो मुलगा सोडून गेला होता. त्याच्या तासाला मुली गच्चीवर जाऊन लपायच्या म्हणे. तुमची ती मुलगी अजून मोकळी आहे का?

नोकरी लागायच्या आदल्या संध्याकाळी दोघी पेढे घेऊन आल्या. वनिता पोरांच्या गराड्यात अडकली. चांगुणाबाई माझ्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्यासाठी पिवळा पट्टा काढून ठेवला होता. हक्काचा होता, दोनदा परीक्षा दिलेली. तो पुढे केला आणि म्हटलं, “आता तुम्ही हिरव्याची तयारी करा. छान जमतंय तुम्हाला.”

तिने पट्टा हातात घेतला, कापड बोटांनी चाचपलं आणि तसाच मला परत दिला.

“नको मास्तर. पोर लागली कामाला. आता मना सोडा.”

“का हो? एवढं आवडीने करत होता.”

ती वनिताकडे एकदा बघून घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “मना कदी आवडलंच नाय वो हे. गुडघं लय दुखतात. पयल्या दिसापास्नं. रातची झोप नाय येत.” मग माझ्याकडे बघून, “तिला नका सांगू.”

मी माणसांचे गुडघे बघण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आणि हे मला दिसलं नव्हतं.

तेवढ्यात वनिता पोरांमधून वाट काढत आली, घामेजलेली, हसत. माझ्या हातातला पिवळा पट्टा तिने ओढून घेतला आणि आईच्या कमरेला गाठ मारायला लागली. “आये, शालेत सगल्यांना सांगनार हाय मी, माजी पयली स्टुडंट म्हनजे माजी आय! आणि सोमवारी लवकर ये हां. आता तुला हिरव्याचं शिकवतंय. सर, हिला बघा तुम्ही, हिला ब्लॅकपर्यंत नेते का नाय!”

चांगुणाबाईने माझ्याकडे बघितलं नाही. ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “हां गो. येतंय ना.”

सोमवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. काहीतरी कारण काढेल, बाजार, पाहुणे, ताप. मी उगाच दाराकडे बघत होतो. वनिता शाळेतून थेट आली, आणि तिच्या मागून चांगुणाबाई. तिने चपला काढल्या, पदर खोचला, पोरीसमोर उभी राहिली, हसली आणि घोड्यात बसली.